धरसोड

अहमदपूरच्या अलीकडं बालाघाटाचा चढ लागतो. मामांचा स्वराज ७२४ मे महिन्यात तिथंच उभा राहिला. इंजिन ओरडत होतं, चाकं जागची हलत नव्हती आणि पायाखालून जळक्या लायनरचा वास येत होता. मृगाला जेमतेम महिना उरलेला. दुसऱ्याच दिवशी मामांनी टोचन करून ट्रॅक्टर नांदेड रस्त्यावरच्या मिस्त्रींकडं आणला. पुढचे तीन दिवस मी तिथल्या लिंबाखाली बसून होतो.

मिस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. इंजिन चालू करून ब्रेक लावला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. असं केलं की इंजिन गचकन बंद पडायला हवं. ते जरा दबलं आणि चालतच राहिलं. मग त्यांनी पॅडल हातानं दाबून पाहिलं. वरचा इंचभर खेळ मोकळा असावा लागतो, तो उरलाच नव्हता. लायनर झिजत गेलं की प्रेशर प्लेटची फिंगरं मागं, बेअरिंगकडं सरकत येतात आणि तो खेळ खाऊन टाकतात. म्हणजे लायनर किती झिजलं आहे, हे पॅडल कधीपासून सांगत होतं.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली धरसोड. इंजिनचं फ्लायव्हील आणि स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये तव्याएवढी क्लच प्लेट चिमटीत धरलेली असते. नांगराची सगळी ओढ तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ लायनरवरून जाते. लोखंड झिजू नये म्हणून हे लायनर झिजतं.

हा ट्रॅक्टर मोडीत काढा, असं मामांना कितीतरी जणांनी सुचवलं होतं. मला ते पटत नव्हतं. ७२४चा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आपल्याच अभियंत्यांनी केला. १९७० साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी उभी राहिली आणि १९७४ मध्ये मोहालीहून ७२४ बाजारात आला. पंचवीसेक अश्वशक्ती, दोन सिलिंडर. वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या आमच्याकडच्या रानात तो बांधाला लागून वळतो, हे मोठ्या गाड्यांना जमत नाही.

क्लचपर्यंत पोचायचं तर ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो. बॉनेट, डिझेलची नळी, वायरी, स्टिअरिंगचा दांडा असं एकेक सुटत गेलं. पुढचा आक्सल मधल्या पिनेवर डुलतो, म्हणून इंजिन कलंडू नये यासाठी दोन्ही बाजूंना बाभळीच्या पाचरी ठोकल्या. गिअरबॉक्सखाली जॅक, जॅकखाली ओंडका. शेवटचे बोल्ट निघाले आणि दोन पोरांनी मागचं धूड हात-हातभर मागं ढकललं. इतकी वर्षं एकजीव असलेलं यंत्र दोन तुकडे होऊन समोर उभं राहिलं, तेव्हा मामा काही न बोलता चहा सांगायला गेले.

एक पोरगा हवेची नळी घेऊन धूळ उडवायला निघाला. मिस्त्रींनी हात आडवा घातला आणि ओलं फडकं पुढं केलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची बारीक धूळ फुफ्फुसात रुतून बसते आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. गॅरेजातल्या प्रत्येक पोराला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले केले, नाहीतर स्प्रिंगांच्या जोरानं प्लेट वाकडी होते. क्लच प्लेट बाहेर आली. लायनर रिव्हेटांच्या डोक्यापर्यंत उतरलं होतं आणि त्या डोक्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते. तापून उठलेले निळे डाग, केसासारख्या बारीक भेगा. मिस्त्रींनी विचारलं, "मालक, चालवताना डावा पाय कुठं असतो?" मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "पॅडलवरच की."

झिजण्याचं एक कारण हाती आलं, पण तेवढ्यावर मिस्त्री थांबले नाहीत. हाऊसिंगच्या तळाचं काळं तेल बोटावर घेऊन त्यांनी हुंगलं. गिअरच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो. हा वास तसला नव्हता. म्हणजे क्रँकचं मागचं सील गळत होतं. "सील तसंच ठेवून नवी प्लेट टाकली, तर ती पण तेल पिणार. दिवाळीला परत इथंच याल." या एका हुंगण्यासाठी मी मिस्त्रींना कारागीर म्हणतो.

फ्लायव्हील लेथवर गेलं. चरे जाईपर्यंत तोंड तासायचं, पण प्रेशर प्लेट जिथं बसते ती कडही तेवढीच उतरवायची. नाहीतर स्प्रिंगांचा दाब कमी पडतो आणि नवं लायनरही घसरतं. लेथवाल्याला हे त्यांनी दोनदा बजावलं. प्लेटचे जुने रिव्हेट ड्रिलनं काढून नवं लायनर बसवलं. पोलादी चकतीचे दाते आणि स्प्रिंगा शाबूत होत्या, म्हणून ती वाचली. नंतर तिन्ही फिंगरांची उंची पट्टी लावून जुळवताना अख्खी दुपार गेली. एक जरी वरखाली राहिलं, तर क्लच सोडताना ट्रॅक्टर थरथरतो.

खरी कसोटी जोडताना लागली. जुन्या शाफ्टच्या तुकड्यानं प्लेट मध्यावर धरून प्रेशर प्लेट आवळली होती, तरी चार बोटांची फट काही मिटेना. पोरानं बोल्ट लावून आवळायला घेतले. "बोल्टानं ओढू नको, कान तुटंल!" मिस्त्री ओरडले. स्वतः खाली बसून त्यांनी फ्लायव्हील अगदी अलगद, केसभर फिरवलं. शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांत बसले आणि मागचं धूड आपसूक पुढं येऊन टेकलं.

चौथ्या दिवशी मामांनी त्याच चढावर ट्रॅक्टर घातला. मिस्त्री मागं दांड्यावर उभे होते. त्यांचं लक्ष रस्त्याकडं नव्हतं, इंजिनच्या आवाजाकडंही नव्हतं. ते वाकून मामांच्या डाव्या पायाकडं बघत होते. अर्ध्या चढावर एकदाच म्हणाले, "मालक, पाय खाली." मामांनी पाय खाली घेतला.