रुप्याचें औषध : जखमेवर आणि शेतांत

गोठ्यास आग लागून बैल भाजला व पहिला दिवस निभावला, म्हणजे धोका टळला असें होत नाहीं. कातडी गेलेल्या जागीं जंतूंस मोकळें रान मिळतें. अशा वेळीं जें पांढरें मलम लावतात, तें बहुधा शेंकडा एक प्रमाणाचें सिल्व्हर सल्फाडायझीन असतें. अमेरिकेंत चार्ल्स फॉक्स यांनीं तें १९६८ सालीं पुढें आणिलें.

रुप्याच्या क्षारांचा हा गुण त्याहून पुष्कळ जुना. १८६९ सालीं फ्रान्समध्यें रोलँ यांनीं ॲस्परजिलस नायजर नांवाच्या काळ्या बुरशीवर प्रयोग केले. कांद्यावर काजळी धरविणारी व भुईमुगाचें कोवळें रोप बुडाशीं कुजविणारी ती हीच. सोळा लक्ष भागांत एक भाग सिल्व्हर नायट्रेट पडतांच तिची वाढ थांबली. चांदीच्या भांड्यांत तर ती रुजेचना.

हें वाचून कोणासही वाटेल कीं, मग बियाण्यास व पिकासच कां न लावावें? गेल्या हंगामांत आमच्या गांवीं एक विक्रेता ‘चांदीचें पाणी’ घेऊन आला होता. बाटलींत कोणता क्षार व किती, हें विचारतां त्यास सांगतां आलें नाहीं. आम्हीं तें घेतलें नाहीं, आणि त्याचीं कारणें येथें देतों.

रुप्यापासून सुटणारा विद्युद्भारित कण, ज्यास आयन म्हणतात, तो जंतूच्या प्रथिनांतील गंधकास चिकटतो व त्याचें आवरण विस्कटतो. परंतु त्यास शत्रु-मित्र कळत नाहीं. भुईमुगाच्या मुळांवरील गांठींतले व अमोनियाचें नायट्रेट करणारे उपकारी जंतूही त्यास तितकेच भक्ष्य होत. शिवाय मिठाशीं त्याचें जमत नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांतल्या विहिरीच्या पाण्यांत सिल्व्हर नायट्रेट टाकिलें, तर पांढरा साका बसतो, तो उन्हांत काळवंडतो, आणि औषधाचा बहुतेक जोर त्यांतच अडकतो. पैसा मात्र गेलेलाच!

याहून गंभीर गोष्ट १९७५ सालीं उघडकीस आली. बॉस्टन येथील एका रुग्णालयांत, भाजलेल्यांच्या विभागांत, रुप्यास दाद न देणारे साल्मोनेला जंतु आढळले. हा प्रतिकार एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतो, असेंही पुढें दिसून आलें. जें औषध भाजलेल्या बैलासाठीं राखून ठेवावयाचें, तें शिवारभर फवारणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. तें पिणें तर त्याहून वाईट. दीर्घकाळ पिणाऱ्यांची त्वचा कायमची निळसर करडी झालेली आहे.

मलम वापरतांना जखम स्वच्छ धुवावी, भोंवतालचे केस कातरावे व अर्धा सूत जाडीचा थर द्यावा. दुसरे दिवशीं जुना थर धुऊन नवा द्यावा. जनावर तें चाटणार नाहीं अशी तजवीज करावी. गाय दुभती असल्यास दूध किती दिवस वापरूं नये, हें पशुवैद्यास आधींच विचारावें; मलमांत रुप्यासह सल्फाही असतें.