विश्लेषण : पन्नाशी उलटलेली अमेरिकी ‘मसल कार’ घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा कशी उभी राहते? इंजिनापेक्षा गंज का छळतो?

१० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथे मेकम या लिलाव कंपनीने एक हिरवी फोर्ड मस्टँग विकली. रंग उडालेला, पत्र्यावर गंजाचे डाग. तरीही बोली ३४ लाख डॉलरवर जाऊन थांबली. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने वापरलेली ही गाडी. मधल्या पाच दशकांत तिला कुणी नव्याने रंगवून चकाचक केले नाही, ही गोष्टही तिच्या पथ्यावर पडली.

अशी गाडी अर्थातच लाखात एक. अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक जुन्या मसल कार कुठल्याही चित्रपटात झळकलेल्या नाहीत. मालकांनी शनिवार-रविवार खपून त्या चालत्या केल्या आहेत किंवा अजून करत आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र तोच असतो : काय बदलायचे आणि कुठे हात आवरायचा? शेवरलेच्या पहिल्या पिढीच्या कॅमारोचे (१९६७ ते १९६९) उदाहरण घेऊन हा सगळा खटाटोप समजून घेऊ.

मसल कार म्हणजे नेमके काय?

मध्यम आकाराची, त्यातल्या त्यात परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे व्ही-८ इंजिन, हे मसल कारचे सूत्र. सुरुवात साधारणपणे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मानतात. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा (सुमारे ५.४ लिटर) मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि सहकाऱ्यांनी पळवाट काढली. ३८९ घनइंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे इंजिन नव्या मॉडेलऐवजी टेम्पेस्ट गाडीवरचा ‘पर्याय’ म्हणून विकायला काढले. नियम कागदावर शाबूत राहिला आणि गाड्या धडाधड खपल्या.

काटेकोर शौकीन मस्टँग आणि कॅमारोला ‘पोनी कार’ म्हणतात. बोलीभाषेत मात्र दोन्ही मसल कारच. हे पर्व फार टिकले नाही. विम्याचे हप्ते भडकले, १९७० मध्ये हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला, १९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली हवा काढली.

घरी दुरुस्ती शक्य कशी होते?

कारण या गाडीत संगणक नाही. इंधन कार्बोरेटर देतो, ठिणगी डिस्ट्रिब्युटर वाटतो. बिघाड शोधायला स्कॅनर लागत नाही. फीलर गेज, टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज आणि पान्यांचा संच पुरतो. प्रीमियर पद्मिनीचे ‘पॉइंट’ घासून बसवलेल्या आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकला कॅमारोचे बॉनेट उघडून दिले, तर तो फारसा गोंधळणार नाही. सिलिंडर दुप्पट, तत्त्व तेच.

शेवरलेने तर पॉइंटचे काम आणखी सोपे केले होते. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला एक छोटी खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून त्यातून ॲलन की घालायची, इंजिन अडखळेपर्यंत स्क्रू उजवीकडे फिरवायचा आणि मग अर्धा फेरा मागे घ्यायचा. पॉइंट बंद राहण्याचा कोन, म्हणजे ड्वेल, ३० अंशांच्या आसपास येतो. पुढे मीटर लावून खात्री करायची.

दुसरे कारण सुट्या भागांचे. शेवरलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आले आणि २०११ पर्यंत अशी १० कोटी इंजिने बनल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यातले ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे रूप पहिल्यांदा १९६७ च्या कॅमारोतच बसले. गास्केटपासून पिस्टनपर्यंत बहुतेक सगळे आजही नवे मिळते. कारखान्यात गाडी जोडताना वापरलेल्या असेंब्ली मॅन्युअलच्या प्रतीही विकत मिळतात. कुठला बोल्ट कुठे, हे त्यात चित्रासह असते.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला आणल्या आणल्या स्टार्टर मारणे ही मात्र सर्वात महागडी घाई. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतात आणि इंजिन पान्याने, हाताने फिरवून पाहतात. या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरून फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर काढून, त्या भोकातून ड्रिल मशीनला लावलेला दांडा घालून पंप फिरवता येतो. इंजिन सुरू होण्याआधीच बेअरिंगपर्यंत तेल पोहोचते. टाकीतले जुने पेट्रोल तर काढून टाकावेच लागते. त्याचा चिकट थर कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवतो.

मग अडते कुठे?

पत्र्यात. इंजिन खोलून टेबलावर मांडता येते, मशीन शॉपला पाठवता येते, अगदीच गेले तर दुसरे आणता येते. गाडीची बॉडी मात्र जागेवरच दुरुस्त करावी लागते आणि गंज दिसतो त्याच्या कितीतरी पट आत असतो.

कॅमारोत पाणी साचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी हवा आत घेणारी पोकळी असते. तिच्यात पाने आणि कचरा अडकतो, निचरा तुंबतो आणि पाणी पायाशी गालिच्याखाली उतरते. मागच्या काचेची खाच सडली की पाणी थेट डिकीत. पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, मागच्या चाकाभोवतीचे पत्रे, डिकीची जमीन, सगळीकडे हीच कथा. त्या काळी छतावर विनाइलचे आवरण ही फॅशन होती. त्याखाली ओल धरून राहते आणि वरून काहीच कळत नाही.

म्हणून विकत घेताना अनुभवी माणूस गाडीच्या चकाकीकडे बघत नाही. खिशातून छोटे चुंबक काढून पत्र्यावर फिरवतो. चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर आहे, असे समजायचे. मग गालिचा उचलून जमीन बघायची, गाडीखाली आडवे होऊन टोकदार हत्याराने ठोकून बघायचे. चालू इंजिनाच्या पण सडलेल्या गाडीपेक्षा इंजिन नसलेली, कोरड्या हवेतली गाडी जास्त भाव खाते, ती यामुळेच. ॲरिझोनासारख्या वाळवंटी राज्यांतल्या गाड्यांना मागणी असते. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खाते.

कापाकापीतही एक मेख आहे. कॅमारोची पुढची सबफ्रेम वेगळी, बोल्टने जोडलेली. तिच्यामागची बॉडी हीच गाडीची चौकट. त्यामुळे सडलेली जमीन कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आधार जोडावे लागतात. ते न करता जमीन कापली, तर गाडी मधून किंचित खचते. नवी जमीन वेल्ड होऊन जाते आणि मग दरवाजा बंद होत नाही! त्या वेळी वेल्डिंग पुन्हा कापण्यावाचून मार्ग नसतो. बाहेरच्या पत्र्यावर सलग वेल्डिंग करणे हा दुसरा घात. उष्णतेने पत्रा लाटांसारखा वाकतो. थोड्या थोड्या अंतरावर टाके घालत, मधे थंड होऊ देत पुढे जावे लागते. पोकळ जागांत शेवटी मेणयुक्त द्रव्य फवारतात, म्हणजे गंज आतून पुन्हा सुरू होत नाही.

घरी करण्यातला खरा धोकाही इथेच आहे. जुन्या रंगात शिसे असू शकते, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस. त्यामुळे रंग कोरडा घासणे किंवा ब्रेक ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे हे दोन्ही टाळायचे. हार्डनर मिसळून मारायच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट असते. साध्या मास्कवर भिस्त ठेवून बंद गॅरेजमध्ये तो फवारला, तर कायमचा दमा मागे लागू शकतो. म्हणूनच बाकी सगळे घरी करणारे अनेक जण रंगकाम तेवढे बाहेर देतात. ते शहाणपणाचे आहे.

पहिला खर्च कशावर करावा?

बहुतेकांचा जीव इंजिनात असतो. पैसे मात्र आधी ब्रेकवर जायला हवेत. साध्या कॅमारोला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. पुढचे डिस्क ब्रेक हा अनेक मॉडेलवर जास्तीचे पैसे मोजून घ्यायचा पर्याय होता. उतारावर वारंवार दाबले की ड्रम तापतात आणि पकड सुटू लागते. रबरी ब्रेक होज बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि त्या पाण्याने चाकातले सिलिंडर आतून गंजतात. हे भाग स्वस्त आहेत. ३०० हून अधिक अश्वशक्तीची गाडी जुन्या होजच्या भरवशावर रस्त्यावर काढणे याला हौस म्हणता येत नाही.

टायरचेही तसेच. नक्षी पूर्ण शिल्लक असली तरी रबर म्हातारे होते. कडेवरच्या क्रमांकातले शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात : ‘२३१२’ म्हणजे २०१२ चा २३ वा आठवडा. अशा टायरवर गाडी फक्त गॅरेजमध्ये ढकलावी.

तेल आणि पेट्रोल जुन्या गाडीला मानवते का?

या इंजिनांत कॅमशाफ्ट थेट सपाट टॅपेटवर घासतो. या घर्षणातून वाचवणारे जस्त आणि फॉस्फरसचे संयुग, म्हणजे झेडडीडीपी, जुन्या तेलात भरपूर असे. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून आधुनिक गाड्यांच्या हलक्या ग्रेडच्या तेलात त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले. १९६९ च्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, त्यामुळे तिच्यासाठी जास्त झेडडीडीपीचे वेगळे तेल घेतात. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन २०-३० मिनिटे सुमारे २००० ते २५०० आरपीएमवरच ठेवायचे. तेल कमी उडते म्हणून त्याला निवांत आयडलिंगवर सोडले, तर कॅमच्या कडा पहिल्याच तासात झिजू शकतात. महिनोन्‌महिने बांधलेले इंजिन असे एका सकाळी वाया जाते.

इथेनॉलचा विषय मराठी वाचकाला नवा नाही. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते, आपल्याकडे ते २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल ओल शोषते आणि १९६० च्या दशकातले रबर, बूच कडक किंवा मऊ करते. उपाय साधा : इंधनाचे सगळे होज, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे रबरी भाग इथेनॉल सोसणारे बसवायचे. तापलेल्या इंजिनावर टपकणारे पेट्रोल म्हणजे आगच, त्यामुळे अग्निशामक नळकांडे गॅरेजइतकेच गाडीतही हवे.

‘नंबर मॅचिंग’ म्हणजे काय?

गाडीत अजूनही कारखान्यातून बसवलेलेच इंजिन आहे, याचा पुरावा. १९६९ च्या कॅमारोचा ओळख क्रमांक ‘१२४३७’ ने सुरू झाला, तर ती व्ही-८ कूपे. पुढचा ९ हा वर्षाचा आणि ‘एन’ म्हणजे ओहायोतील नॉरवूड कारखाना. पण ती साधी कॅमारो आहे की महागडी एसएस किंवा झेड/२८, हे त्या क्रमांकावरून कळतच नाही! साध्या गाडीवर एसएसची चिन्हे लावून विकण्याचा धंदा त्यामुळेच फोफावला. ॲल्युमिनियम इंजिनाच्या झेडएल१ कॅमारो तर फक्त ६९ बनल्या होत्या.

इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो, ब्लॉकच्या वरच्या सपाटीलगत. मशीन शॉपने ती सपाटी तासून गुळगुळीत केली, की क्रमांकही जातो. इंजिन तब्येतीने उत्तम होते, पुरावा मात्र पुसला जातो. म्हणून ब्लॉक देण्याआधी फोटो काढणे आणि तेवढा भाग सोडायला स्पष्ट सांगणे, हे मालकाचे काम.

डायनाकॉर्न ही कंपनी १९६९ च्या कॅमारोची अख्खी बॉडी नवी बनवून देते. म्हणजे जुना असा एकही पत्रा न वापरता ‘जुनी’ गाडी बांधता येते. तिच्यावर सडलेल्या गाडीची क्रमांकपट्टी लावण्याचा मोह होतो, पण क्रमांकाशी छेडछाड हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे.

घातलेले पैसे परत मिळतात का?

सामान्य गाडीच्या बाबतीत बहुधा नाही. पत्रेकाम, रंग, क्रोम आणि आतली सजावट यांची बेरीज अनेकदा तयार गाडीच्या किमतीपुढे जाते. घरी केल्याने वाचते ती मजुरी. सर्वाधिक नुकसान अर्धवट सोडलेल्या कामात असते. उत्साहाच्या भरात एका आठवड्यात गाडी सुटी होते, खोक्यांत बोल्ट एकत्र पडतात आणि दोन वर्षांनी कुठला कुठे हे कुणालाच आठवत नाही. अशा खोक्यांतल्या गाड्या चालत्या गाडीच्या तुलनेत मातीमोल भावाने जातात. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो आणि प्रत्येक बोल्टसंचाला नाव लिहिलेली पिशवी, एवढ्या कंटाळवाण्या शिस्तीवर पुढचे सगळे अवलंबून असते. शक्यतो एका वेळी एकच काम काढून गाडी चालती ठेवणारे लोक ती पूर्ण करतात, असे दिसते.

भारतात अशा गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे का?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकींना, आयात केलेल्यांनाही, ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र मालिका मिळते. महाराष्ट्रात ‘एमएच व्हीए’. शुल्क २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, त्यानंतर ५ हजार रुपयांत पुनर्नोंदणी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट. रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला ही गाडी चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते.