चाके नाहीत, म्हणून कोठेही उतरते?

निवडणुकीचा हंगाम आला की नांदगाव-मनमाडच्या परिसरात कोणा ना कोणा पुढाऱ्याचे हेलिकॉप्टर उतरते, आणि ते पाहून परतणाऱ्या मंडळींतील एखादा जाणता गृहस्थ हमखास एक सिद्धान्त मांडतो: विमानाला चाके असतात म्हणून त्याला धावपट्टी लागते; हेलिकॉप्टरच्या पोटाखाली नुसत्या दोन नळ्या असतात, सबब त्याला काहीच लागत नाही, ते कोठेही उतरते. हा सिद्धान्त मी स्टेशनावर ऐकला आहे, मामलेदार कचेरीच्या आवारात ऐकला आहे आणि अलीकडे तर लग्नाच्या बैठकीतही ऐकला आहे, कारण वरास हेलिकॉप्टरमधून आणण्याची हौस आता आपल्याकडेही पोहोचली असून, "शेत आपलेच आहे, मग परवानगी कसली?" हा प्रश्न तेथे मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो.

प्रथम नळ्यांविषयी. सर्वच हेलिकॉप्टरांना त्या नसतात. नाशिकरोडजवळ गांधीनगर येथे भूदलाच्या हवाई शाखेचे, म्हणजे आर्मी एव्हिएशनचे, प्रशिक्षण विद्यालय आहे. या दलात वर्षानुवर्षे वापरात असलेल्या दोन हेलिकॉप्टरांपैकी 'चेतक'ला तीन चाके आहेत आणि 'चीता'ला स्किड, म्हणजे त्या दोन समांतर नळ्या, आहेत. 'ध्रुव' हे तर एकच हेलिकॉप्टर. परंतु भूदलाकडे ते स्किडवर उभे असते आणि नौदलाकडे चाकांवर. तेव्हा नळ्या म्हणजे जुने वा स्वस्त आणि चाके म्हणजे आधुनिक, ही समजूतही येथेच निकालात निघते. स्किड वजनाला हलके, देखभालीला सोपे. दोन्ही नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या कमानी उतरताना किंचित फाकतात आणि जमिनीचा धक्का त्यांतच जिरतो. उलट, जड हेलिकॉप्टरला जमिनीवरच्या जमिनीवर सरकायचे असेल तर चाके सोयीची. स्किडवाल्यास हाताने हलवायचे झाले, तर नळीला छोटी सुटी चाके बसवून ते उचलावे लागते आणि मग चार माणसे ते ढकलत नेतात.

आता ज्या नळ्यांच्या जोरावर हे यंत्र 'कोठेही' उतरते असे म्हणतात, त्याच नळ्या त्याचा घात कसा करू शकतात, हे आपल्या काळ्या मातीत उभे राहून पाहावे. पाऊस पडून गेलेल्या शेतात हेलिकॉप्टर टेकले आणि एका बाजूची नळी चिखलात रुतली, असे समजा. उड्डाणाच्या वेळी वैमानिक डाव्या हातातील दांडा वर घेतो, पंख्याची उचल वाढते, मोकळी बाजू उठते, पण रुतलेली बाजू उठत नाही. आणि संपूर्ण यंत्र त्या रुतलेल्या नळीभोवती कलू लागते. कलण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की घाबरून आणखी उचल देणारा वैमानिक स्वतःच आपले यंत्र उलथवितो. वास्तविक त्या क्षणी दांडा सावकाश खाली घेणे हाच उपाय असतो. ही भीती माझ्या पदरची नव्हे. अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक प्रशासनाने शिकाऊ वैमानिकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत या प्रकाराची सविस्तर चर्चा आहे.

चिखल नसेल तर धूळ असते. बाजरी निघाल्यावर उघड्या पडलेल्या रानात पंख्याचा झोत आदळला, म्हणजे असा धुरळा उठतो की ज्या जमिनीवर टेकायचे तीच वैमानिकास दिसेनाशी होते, आणि आपण स्थिर आहोत की बाजूस सरकत आहोत हे त्याला उमगत नाही. मोकळ्या जागी उतरण्या-उठण्याचे धोके नुसते पुस्तकी नाहीत: ३ मे २०२४ रोजी महाड येथे राजकीय नेत्या सुषमा अंधारे यांना नेण्यासाठी आलेले हेलिकॉप्टर उतरता उतरताच कोसळले. त्या त्यात नव्हत्या, हे सुदैव. त्याआधी २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण केल्यावर पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच खाली आले आणि तारांत सापडले. आतील सर्वजण बचावले. ते सिकॉर्स्की बनावटीचे, चाकांचे, दोन इंजिनांचे यंत्र होते. म्हणजे पोटाखाली नळ्या आहेत की चाके, हा प्रश्न दुय्यम आहे. आजूबाजूस तारा किती, झाडे किती आणि हवा किती तापलेली, हे प्रश्न आधीचे. वैशाखातील तप्त हवा विरळ होते. विरळ हवेत पंख्यास पकड कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. जे हेलिकॉप्टर पौषातील सकाळी पाच माणसे घेऊन सहज उठते, तेच मे महिन्यातील दुपारी दोन माणसे उतरविल्याखेरीज हलेनासे होऊ शकते.

आणि खरोखरच ते कोठेही उतरत असते, तर सभेच्या आधी सार्वजनिक बांधकाम खात्याने हेलिपॅड कशासाठी तयार करावे, त्यावर पाण्याचे टँकर कशासाठी रिते करावेत, अग्निशामक बंब कशासाठी उभा ठेवावा आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या दफ्तरी परवानगीचे कागद कशासाठी फिरावेत? हा सारा बंदोबस्त डोळ्यांदेखत पाहूनही जे गृहस्थ आपला सिद्धान्त सोडीत नाहीत, त्यांच्यापुढे मात्र हात टेकावेत.

दुसरा गैरसमज असा की इंजिन बंद पडले, म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते. प्रत्यक्षात इंजिन बंद होताच वैमानिक पात्यांचा कोन कमी करतो, आणि खाली येताना खालून वर घुसणारी हवाच पंखा फिरता ठेवते. जत्रेतले भिरभिरे हातात धरून धावणाऱ्या पोरास यातले मर्म सांगावे लागत नाही. जमीन जवळ आली की पात्यांचा कोन पुन्हा वाढवून, त्या फिरण्यात साठलेल्या शक्तीवर अलगद टेकता येते. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक झाँ बुले याने 'लामा' हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेथे इंजिन विझले, ते पुन्हा सुरू होईना, आणि तो बहाद्दर तेवढ्या उंचीवरून इंजिनाविना सुखरूप जमिनीवर आला. आपले 'चीता' हे याच 'लामा'चे भारतीय रूप.

मात्र या युक्तीस पुरेशी उंची तरी हवी किंवा पुढे जाण्याचा वेग तरी हवा. म्हणूनच हेलिकॉप्टर सरळ वर उठते आणि सरळ खाली येते, ही समजूतही अपुरी होय: शक्य तेथे वैमानिक जमिनीलगत पुढे वेग घेऊन मगच चढतो आणि उतरताना वाऱ्यास तोंड देऊन तिरका येतो, इंजिनाच्या जोरावर सरळ खाली घाईने उतरल्यास स्वतःच्याच झोताच्या भोवऱ्यात सापडण्याचा धोका असतो. शहरात हेलिकॉप्टरे गच्च्यांवरून ये-जा करतात, हे चित्रपटांत ठीक आहे; मुंबईत त्यांचा खरा राबता जुहूच्या विमानतळावर आहे, जेथे १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणले आणि जेथून आज समुद्रातील तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरे सुटतात.

राहता राहिला पोलिसांचा दोरखंड, जो केवळ पुढाऱ्याच्या रुबाबासाठी असतो असे पुष्कळांस वाटते. शेपटीकडील छोटा पंखा फिरताना डोळ्यांस जवळजवळ दिसत नाही, आणि तो बहुतेक हेलिकॉप्टरांत माणसाच्या उंचीच्या आसपासच फिरतो. मोठी पाती वेग कमी होताना कडेला खाली झुकतात. तेव्हा जवळ जाणे अपरिहार्यच असेल, तर वैमानिकाने खूण केल्यावर, त्याच्या नजरेसमोरून, वाकून जावे. टोपी-उपरणे हातात घट्ट धरावे. आणि जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने कदापि जाऊ नये, कारण त्या बाजूस पाती डोक्याच्या अधिक जवळ असतात.