ताडोबाच्या वीकेंडात माणिकगड कसा बसवायचा?

ताडोबात सगळं बघायला मिळतं, फक्त चालायला मिळत नाही. जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही, आणि ते बरोबरच आहे. पण दोन दिवस नुसतं बसून परत यायचं हे माझ्या पायांना काही पटत नाही. म्हणून आज बघू, सफारीच्या वीकेंडात एक छोटा डोंगर कुठे बसतो ते.

डोंगर म्हणजे माणिकगड. नाव सिमेंटमुळे ओळखीचं असेल. गडचांदूरचा कारखाना याच नावाने उभा राहिला. किल्ला त्याच्या कितीतरी आधीचा, काळ्या दगडाचा. नागवंशी राजांनी बांधला असं सांगतात, पुढे तो गोंड राजांकडे गेला. दरवाजावर नागाचं शिल्प आहे, ते चुकवू नका. चंद्रपूरहून राजुरा, मग गडचांदूर, आणि तिथून जिवतीच्या रस्त्याला लागलं की डोंगर सुरू होतात. उंची ५०० मीटरच्या आसपास. राजगड-तोरणा केलेल्यांना चढ किरकोळच वाटेल.

पण इथे प्रश्न चढाचा नाही, वेळेचा आहे. सह्याद्रीची आपली सवय काय? रात्री निघायचं, टॉर्च लावून चढायचं, वर सूर्योदय बघायचा. ही सवय इथे घरी ठेवून या. पहाट आणि संध्याकाळ ही वाघ-बिबट्याची फिरायची वेळ. याच राजुरा पट्ट्यात आरटी-१ नावाच्या वाघाने अनेक माणसं मारली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला पकडलं. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेली माणसं या जिल्ह्यात दरवर्षी जीव गमावतात. त्यांना जंगलात जावंच लागतं, आपण हौसेने जातो, एवढा फरक लक्षात असू द्या.

वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, एखाद्या जनावरासारखा दिसतो. म्हणून चौघं-पाचजण मिळून, बोलत, उभ्याने चाला. फोटोसाठी झुडपात बसकण मारू नका. आणि हो, हा पॉडकास्ट तिथे ऐकू नका! वानराचा खॅक-खॅक आवाज, चितळाची हाक म्हणजे जंगलाचं नोटिफिकेशन. कानात इअरबड असेल तर ते चुकतं. तसा आवाज आला तर आल्या वाटेने सगळ्यांनी मिळून मागे फिरायचं.

आता वेळापत्रक. शनिवारी दुपारची सफारी, मुक्काम चंद्रपुरात. रविवारी ऊन नीट पडल्यावर, सातच्या सुमारास निघा. वाटेत नाश्ता, नऊ-साडेनऊला चढायला सुरुवात, बारापर्यंत खाली. रविवारी सकाळची सफारी करून मग किल्ला, हे गणित कागदावर जमतं. प्रत्यक्षात उतरायला संध्याकाळ होते. तो मोह टाळा. सोमवारी ऑफिस असेल तर नागपूर चंद्रपूरहून साधारण १५० किलोमीटर आहे, हेही धरा. निघण्याआधी वनविभागाकडे किंवा खालच्या गावात विचारा: अलीकडे वाघ दिसलाय का? दिसला असेल तर बेत रद्द, चर्चा नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, सांगायलाच नको. पावसाळ्यात ताडोबाचा कोअर बंद असतो, तेव्हा लोकांना किल्ला आठवतो. हिरवागार दिसतो खरा, पण गवत इतकं वाढतं की दोन पावलांवरचं दिसत नाही. मी तरी जात नाही.

नागभीडकडून येणाऱ्यांसाठी पेरजागड आहे, सात बहिणींचा डोंगर. तिथे वाघाइतकीच भीती आग्या मधमाश्यांची. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोन, सगळं खालीच. गडचिरोलीतला टिपागड मोहात पाडतो, वर चक्क तलाव आहे. पण तो दोन दिवसांत कोंबू नका, जोडून सुट्टी आली की बघू.

पाण्याच्या बाटल्या गडचांदूरलाच भरून घ्या. आणि नकाशा ऑफलाइन ठेवा, पुढे रेंजचा भरवसा नाही.