‘जैवसंपृक्त’ ज्वारी : संज्ञा आणि वस्तुस्थिती

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेच्या सहकार्याने, २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा खरीप ज्वारीचा वाण प्रसृत केला. अशा वाणांस मराठीत ‘जैवसंपृक्त’ असे विशेषण लावण्यात येते. या संज्ञेचा येथे विचार करावयाचा आहे. कारण पाथरीसारख्या तालुक्यात बियाणे घेणाऱ्यास त्याच्या गुणांची पहिली ओळख नावावरूनच होते.

प्रथम ‘संपृक्त’ हे पद घेऊ. रसायनशास्त्रात ज्या द्रावणात आणखी पदार्थ विरघळू शकत नाही, ते संपृक्त होय. परभणी शक्तीच्या एक किलो दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते. प्रचलित वाणांत हे प्रमाण अनुक्रमे ३० व २० च्या आसपास आढळते. म्हणजे वाढ सुमारे दीडपट आहे. ती मोलाची खरी, परंतु तीस संपृक्तता म्हणता येणार नाही.

‘जैव’ या पदाने दोन गैरसमज संभवतात. मिठात आयोडीन घालावे तसे या दाण्यात बाहेरून काही मिसळले आहे, हा पहिला. बीटी कापसाप्रमाणे त्यात परका जनुक घातला आहे, हा दुसरा. वस्तुतः यांपैकी काहीच घडलेले नाही. ज्वारीच्या नाना वाणांतच लोह-जस्ताचे प्रमाण निसर्गतः कमीअधिक असते. दाणा न दळता क्ष-किरणांच्या साहाय्याने हे प्रमाण मोजता येऊ लागल्यामुळे सरस झाडे हेरणे सुकर झाले आहे. पुढचे काम संकर व निवड या जुन्याच पद्धतींचे. पीक स्वतःच जमिनीतून ही द्रव्ये घेऊन दाण्यात साठविते, एवढाच ‘जैव’चा येथे अर्थ.

या भेदाचे व्यावहारिक फलित मोठे आहे. बीटी कापसाचे संकरित बियाणे दर हंगामास विकत घ्यावे लागते. परभणी शक्ती हा सरळ वाण आहे आणि ज्वारी हे बहुतांशी स्वपरागित पीक आहे. पेरा इतर वाणांपासून दूर ठेवून भेसळीची झाडे उपटून टाकली, तर घरचे बियाणे पुढील वर्षी वापरता येते. दोहोंची गल्लत झाल्यास शेतकरी हा लाभ गमावील.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत जस्त व लोह पिकास सहज उपलब्ध होत नाहीत. तेव्हा मातीपरीक्षण करून उणीव भरून काढणे अगत्याचे ठरते. दाण्यातील फायटिक आम्लामुळे सर्व लोह शरीरास मिळत नाही. शिवाय येथे भाकरीसाठी विशेष पसंती रब्बी ज्वारीस आहे, आणि हा वाण खरिपाचा आहे.

म्हणून ‘पोषणसमृद्ध सरळ वाण’ ही संज्ञा अधिक युक्त वाटते. तीत दाण्याचा गुणही आला आणि बियाण्यावरील शेतकऱ्याचे स्वातंत्र्यही आले.