रॉबर्ट रायन : आवळून धरलेला राग

केवळ ज्यू आहे म्हणून एका माणसाचा जीव घेणारा 'क्रॉसफायर'मधला (१९४७) माँटगोमेरी रॉबर्ट रायनने असा रंगवला की त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. सहायक अभिनेत्याचा तो पुरस्कार नेला सांताक्लॉज साकारणाऱ्या एडमंड ग्वेनने! रायनला पुन्हा नामांकन मिळालं नाही. द्वेष्ट्यांच्या भूमिका मात्र येत राहिल्या.

१९०९ साली शिकागोत जन्मलेला हा धिप्पाड गडी डार्टमथ कॉलेजात मुष्टियुद्ध गाजवून आलेला. अभिनयाचे धडे त्याने हॉलिवूडमध्ये मॅक्स राइनहार्टकडे घेतले. १९४१ मध्ये ब्रॉडवेवर क्लिफर्ड ओडेट्सच्या 'क्लॅश बाय नाइट'मध्ये तो टलुला बँकहेडसोबत होता. १९५२ मध्ये फ्रिट्झ लांगने त्यावर चित्रपट केला, तेव्हा रायनच्या वाट्याला दुसरीच, अधिक कडवट भूमिका आली.

त्याचं शिखर माझ्या मते रॉबर्ट वाइजचा 'द सेट-अप' (१९४९). उतारवयाला लागलेला मुष्टियोद्धा स्टोकर थॉम्पसन. मॅनेजरने त्याच्या हरण्याचे पैसे परस्पर खिशात घातलेत, आणि त्याला पत्ताच नाही. जेमतेम सव्वा तासाचा चित्रपट; कथेतलं घड्याळही तेवढंच पुढे सरकतं. रिंगमध्ये रायनला मुष्टियुद्धाचं नाटक करावं लागत नाही, हे दिसतंच. पण खरी कमाल कपडे बदलायच्या खोलीत. एकेक खेळाडू बाहेर जातो, कुणी जिंकून येतो, कुणाला उचलून आणतात, आणि रायन नुसता बघतो. पुढे काय होणार याचा सगळा हिशेब त्या चेहऱ्यावर वाचता येतो. संवादांची गरज पडत नाही.

'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो'त (१९५९) तो पुन्हा वर्णद्वेष्टा झाला. समोर हॅरी बेलाफॉन्टे, ज्याच्याच कंपनीने चित्रपट काढला होता. त्याच वर्षी रायन अण्वस्त्रविरोधी 'सेन' चळवळीच्या हॉलिवूड शाखेच्या उभारणीत गुंतला होता. बायको जेसिकासोबत त्याने शाळाही काढली होती. म्हणून तर त्याचे खलपुरुष आक्रस्ताळे वाटत नसावेत. अशा माणसाचा युक्तिवाद आतून कसा चालतो हे त्याने नीट ताडलेलं असे, आणि राग तो शेवटपर्यंत दाताखाली धरून ठेवी. 'बिली बड'मधला (१९६२) क्लॅगर्ट तर जवळजवळ कुजबुजत छळतो.

रंगभूमी त्याने सोडली नाही. १९५४ मध्ये जॉन हाउसमनच्या दिग्दर्शनाखाली कोरिओलेनस, १९६० मध्ये कॅथरिन हेपबर्नसमोर अँटनी, १९७१ मध्ये ओनीलच्या 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट'मधला बाप. मधे 'मिस्टर प्रेसिडेंट' या संगीतिकेचा खटाटोपही झाला. त्याविषयी न बोललेलं बरं.

'द वाइल्ड बंच'नंतर (१९६९) आलेला 'द आइसमन कमेथ' त्याच्या हयातीत प्रदर्शित झाला नाही. कर्करोगाने तो जुलै १९७३ मध्ये गेला. चित्रपटात हिकी झालेल्या ली मार्विनचं लांबलचक स्वगत सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला विचाराल तर ते स्वगत ऐकणाऱ्या रायनसाठी चार तासांचा हा चित्रपट लावावा.