गोळेश्वरची ढाक

तालमीच्या हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद घालून मुरवलेली असते. तिच्यात पाय रुततो, अंगाला पकड मिळते आणि गड्याला दम खाऊन डाव टाकता येतो. समोरच्याची पाठ लागली की निकाल. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेलेल्या खाशाबा जाधवांसमोर मात्र गादी अंथरलेली होती. वर घड्याळाचं बंधन, गुण टिपणारे पंच, आणि पाठ न टेकताही माणूस हरतो असे नियम. मातीवर वाढलेल्या बावीस वर्षांच्या या पोराला गादीचा सराव जवळजवळ नव्हताच. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले.

खाशाबांची गोष्ट सांगताना आपण पदकानंतर त्यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेपाशी फार रेंगाळतो. माझं मन अडकतं ते लंडन आणि १९५२चं हेलसिंकी ऑलिम्पिक यांच्यामधल्या चार वर्षांत. लंडनमध्येच त्यांना अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनी गादीवरच्या फ्रीस्टाइलचे धडे दिले होते. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडजवळच्या गोळेश्वरला घरातच कुस्ती. म्हणजे मातीचं ज्ञान रक्तातलं. ते न टाकता त्यावर परक्या खेळाचं कलम बांधायचं, हे काम वाटतं त्याहून अवघड. गादीवर पाय रुतत नाही, त्यामुळे चढाई विजेसारखी होते; बघत थांबणाऱ्याचे गुण जातात. खाशाबा अंगानं लहानखुरे पण विलक्षण चपळ होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान बगलेत आवळायची, अंग वळवायचं आणि त्याला कमरेवरून फेकून द्यायचं. हा अस्सल मातीतला डाव गादीवरही तितकाच चालला.

हेलसिंकीची वाट सोपी नव्हती. निवडीत डावललं गेल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि फेरकुस्तीत निरंजन दास यांना चीत केलं. मग पैशांचा प्रश्न आला. लंडनच्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला होता. या वेळी गावानं वर्गणी काढली, आणि त्यांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या एका कुस्तीसाठी घर गहाण! असे गुरुजन लाभणं हेही पुढे मिळालेल्या पदकाइतकंच मोलाचं.

हेलसिंकीत ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीई यांच्याशी झुंज झाली, खाशाबा हरले. अंगातला दम निघून गेलेला असताना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढायला बोलावणं आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमातच होती. पण तो नियम पुढे करून भांडायला त्या क्षणी आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. इशीईंना सुवर्ण, मामेदबेकोवना रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, टेनिसपटू लिअँडर पेस यांच्यामुळे. कुस्तीतलं पुढचं तर थेट २००८ साली, सुशील कुमारचं. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे मल्ल केशव माणगावे यांचं पदक थोडक्यात हुकलं, हे आपण पार विसरलो आहोत.

पुढे गुडघा दुखावला आणि १९५६चं ऑलिम्पिक हुकलं. १९५५ पासून पोलीस खात्यात नोकरी, निवृत्ती, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार आला तोही मरणोत्तर.

पण १९५२ साली पदक घेऊन परतताना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कराड स्टेशनावर गावोगावच्या बैलगाड्या जमल्या होत्या. ढोल-ताशांच्या गजरात गोळेश्वरपर्यंतची जेमतेम वाट पार करायला कित्येक तास लागले. सत्कार आटोपले तसे खाशाबा पुन्हा कोल्हापूरच्या मातीत उतरले. कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जमलेला पैसा खर्डेकर सरांच्या हाती ठेवला आणि त्यांचं घर सोडवून दिलं.